विश्लेषण : प्रिंटर बिघडला की विंडोज? मराठी फॉन्टपासून डोंगलपर्यंतच्या ‘ठाऊक असलेल्या’ अडचणी कोणत्या?

जानेवारी २०२५ च्या अखेरीस विंडोजचे एक ऐच्छिक अपडेट आले आणि त्यानंतर काही संगणकांना जोडलेले प्रिंटर आपणहून कागद ओढू लागले. कोणी प्रिंट दिलेली नसे, तरी कागदावर ‘पोस्ट’, ‘आयपीपी’, ‘एचटीटीपी’ असे रोमन लिपीतले तुकडे आणि निरर्थक चिन्हे उमटत. प्रिंटरला व्हायरस लागला, कार्ट्रिज बनावट निघाले, केबल खराब झाली असे तर्क कोणीही लढवले असते. प्रत्यक्षात प्रिंटर ठणठणीत होता. संगणक त्याला ज्या भाषेत निरोप पाठवत होता, तो निरोपच कागदावर छापला जात होता. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये ही अडचण मान्य केली, आपल्या संकेतस्थळावर तिची नोंद केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दुरुस्तीही दिली.

गिरगावात खाडिलकर रोडवरची लग्नपत्रिकांची दुकाने, लालबाग-परळच्या औद्योगिक गाळ्यांतले छापखाने, दादरची टायपिंग आणि झेरॉक्सची दुकाने, या सगळ्यांचे पोट संगणक आणि प्रिंटर यांच्या जोडीवर चालते. मशीन अडले की लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्याला फोन जातो, तो फॉरमॅट मारतो आणि त्या भरात दहा वर्षांच्या फाइल किंवा निदान फॉन्ट तरी उडतात. अनेकदा त्या बिघाडाची नोंद आणि त्यावरचा उपाय दोन्ही आधीच जाहीर झालेले असतात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर तर या नोंदी वाचता येणे जास्तच निकडीचे झाले आहे.

‘नोन इश्यू’ म्हणजे नेमके काय?

मोठ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर त्यातल्या ठाऊक असलेल्या दोषांची यादी प्रसिद्ध होते. यालाच ‘नोन इश्यूज’ म्हणतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीच्या टिपणांत या नावाचे स्वतंत्र प्रकरणच असते आणि त्यात डेस्कटॉपपासून प्रिंटिंगपर्यंतचे दोष व त्यांच्या पळवाटा लिहिलेल्या असतात. मायक्रोसॉफ्ट हेच काम ‘विंडोज रिलीज हेल्थ’ या पानावर करते. ते पाहायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही.

तिथे प्रत्येक अडचणीपुढे एक शेरा असतो. ‘इन्व्हेस्टिगेटिंग’ म्हणजे तपास चालू आहे. ‘कन्फर्म्ड’ म्हणजे दोष आमचाच, पण उपाय अजून नाही. ‘मिटिगेटेड’ म्हणजे पक्की दुरुस्ती बाकी आहे, तोवर ही पळवाट वापरा. ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणजे अमुक क्रमांकाच्या अपडेटने प्रश्न मिटला. ग्राहकाच्या दृष्टीने यातला सर्वांत मोलाचा शेरा ‘मिटिगेटेड’. ज्या कामासाठी दुरुस्तीवाला फॉरमॅटचे पैसे घेणार असतो, ते बहुतेक वेळा तिथे चार ओळींत लिहिलेले असते.

प्रिंटरच्या त्या प्रकरणात पळवाट आणखी सोपी होती. मायक्रोसॉफ्ट ‘नोन इश्यू रोलबॅक’ नावाची सोय वापरते. अपडेटमधला जो बदल बिघाड करतो तेवढाच दुरून बंद केला जातो, बाकी अपडेट जागेवर राहते. घरगुती आणि छोट्या दुकानांतल्या संगणकांवर हा बदल साधारण २४ तासांत आपोआप पोहोचतो. एकदा रीस्टार्ट केले तर लवकर पोहोचतो. म्हणजे ‘बंद करून चालू करून बघा’ हा कायम थट्टेचा विषय झालेला सल्ला या एका बाबतीत तरी शास्त्रशुद्ध ठरतो. मात्र ज्या कार्यालयांत संगणकांचे नियंत्रण आयटी विभागाकडे असते, तिथे तो विभाग वेगळी ‘ग्रुप पॉलिसी’ लावेपर्यंत रोलबॅक लागू होत नाही. आणि सुरक्षेसाठी केलेले बदल या सोयीने मागे घेतले जात नाहीत.

बुधवारी सकाळीच संगणक का रुसतो?

हा योगायोग नाही. मायक्रोसॉफ्टची मुख्य मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेनुसार सकाळी १० वाजता सुटतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. दुकानदार बुधवारी शटर उघडतो तेव्हा संगणक अपडेट उतरवत असतो, संध्याकाळी बंद करताना रीस्टार्ट मागतो आणि गुरुवारी प्रिंटर दिसेनासा होतो.

अपडेट कायमची बंद करणे हा उपाय नव्हे, पण ती थोडी उशिरा घेणे हा शहाणपणाचा उपाय आहे. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘पॉज’ आहे आणि त्यातून पाच आठवड्यांपर्यंत थांबता येते. लग्नसराईत किंवा गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात, जेव्हा एक दिवसही मशीन बंद पडून चालत नाही, तेव्हा आठ-दहा दिवस थांबून रिलीज हेल्थच्या पानावर काय तक्रारी आल्या ते पाहावे आणि मगच अपडेट घ्यावे. त्याच पानावर ‘नवी अपडेट उपलब्ध होताच मिळवा’ अशा अर्थाचे एक बटण असते. धंद्याच्या मशीनवर ते बंदच असावे. कागद ओढणाऱ्या प्रिंटरची सुरुवात अशाच एका महिन्याअखेरच्या ऐच्छिक अपडेटपासून झाली होती.

एक प्रिंटर, चार संगणक आणि ‘११बी’

छोट्या कार्यालयांत हमखास आढळणारी व्यवस्था अशी : एका संगणकाला यूएसबीने प्रिंटर जोडलेला आणि तो बाकीच्यांना ‘शेअर’ केलेला. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. तिच्यातून बाहेरचा माणूस संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने तातडीने दुरुस्ती दिली, पुढच्या महिन्यात प्रिंटरचा ड्रायव्हर टाकण्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड सक्तीचा केला आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेले असंख्य प्रिंटर अडले. पडद्यावर जो एरर क्रमांक येई त्याच्या शेवटी ‘११बी’ असे. नवे मशीन जुन्या अपडेटवर थांबलेल्या मशीनशी बोलते तेव्हा तो आजही दिसू शकतो.

इंटरनेटवर याचा जो उपाय फिरतो तो रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करण्याचा. त्याने छपाई सुरू होते हे खरे, पण ज्या संरक्षणासाठी हा सगळा खटाटोप झाला तेच त्याने बंद होते. त्यापेक्षा आधी दोन्ही संगणकांवर एकाच महिन्याचे अपडेट आहे का ते पाहावे. प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर त्याला वायफाय किंवा लॅन केबलने थेट जोडून प्रत्येक संगणकावर आयपी पत्त्याने तो वेगळा टाकावा. अर्ध्या तासाचे काम आहे आणि मग मधला संगणक बंद असला तरी बाकीच्यांची छपाई अडत नाही.

जुन्या झेरॉक्स मशीनवरून ‘स्कॅन टू फोल्डर’ बंद पडणे हे याचेच भावंड. ही मशीन फाइल पाठवायला ‘एसएमबी-१’ ही जुनी पद्धत वापरतात आणि २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ती मुळातच नसते. ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ती परत चालू करता येते आणि बरेच दुरुस्तीवाले तेच करून देतात. ती का काढली, याचे उत्तर मात्र मुंबईने जवळून पाहिले आहे. मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ एसएमबी-१ मधल्या दोषावर पसरला. महिनाभराने, २७ जूनच्या हल्ल्यात इतर मार्गांबरोबर तोच दोष वापरला गेला आणि बंदराच्या पलीकडे जेएनपीटीत मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. त्यामुळे स्कॅनसाठी एसएमबी-१ चालू करण्याऐवजी मशीनवर ‘स्कॅन टू ई-मेल’ किंवा पेन ड्राइव्हवर स्कॅन करण्याची सोय वापरणे बरे. नव्या विंडोज ११ प्रोमध्ये, २४एच२ आवृत्तीपासून, पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून सामाईक फोल्डर उघडणेही बंद आहे. ऑफिसची जुनी स्टोरेज पेटी उघडेनाशी झाली असेल तर तिच्यावर पासवर्ड असलेला वापरकर्ता तयार करावा. गेस्टची दारे पुन्हा उघडत बसू नये.

मराठी मजकूर का मोडतो?

इथे मात्र दोष एका अपडेटचा नाही, तो तीस वर्षांत साचत आला आहे. याच पट्ट्यात निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून देवनागरी खिळ्यांचा दर्जा घडवला. विंडोजमधला सर्वपरिचित ‘मंगल’ फॉन्टही मुंबईच्याच माणसाचा, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणाऱ्या प्रा. र. कृ. जोशी यांचा. विंडोज २००० बरोबर युनिकोड देवनागरी आली तेव्हापासून सरकारी पत्रांपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळीकडे मंगल दिसू लागला.

नव्या संगणकांवर तो बहुतेक वेळा नसतो. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट ऐच्छिक गठ्ठ्यात टाकले गेले. संगणकाला हिंदी किंवा मराठी भाषा जोडलेली नसेल तर ते येतच नाहीत. जुनी फाइल उघडली की त्यांच्या जागी ‘निर्मला यूआय’ बसतो, ओळींची उंची बदलते आणि एका पानाचा अर्ज सव्वा पानाचा होतो. लोक याला वर्डचा बिघाड समजतात. सेटिंगमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडले की पाने जागेवर येतात.

दुसरी नेहमीची तक्रार ‘ऱ्य’ची. मराठीत ‘दर्या’ वेगळा आणि ‘दऱ्या’ वेगळ्या. आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेली दक्षिणा यांत लग्नघरी बराच फरक पडतो. हिंदीला हा अर्धा र लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या कीबोर्डवर तो सापडत नाही आणि पत्रिकेवर ‘दुसर्‍या दिवशी’ऐवजी सरळ रफार देऊन ‘दुसर्या’ छापले जाते. विंडोजच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह जे दाबून नुक्त्याचा ‘ऱ’, मग डी दाबून हलन्त आणि मग स्लॅशची कळ दाबून ‘य’ टाइप करावा. तीन कळांचे काम आहे. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची, कीबोर्ड निवडायचा आणि विंडोज कळ व स्पेस यांनी अदलाबदल करायची. त्यासाठी कुठून तरी उतरवलेले फुकट टायपिंग सॉफ्टवेअर टाकायची गरज नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे, पण युनिकोडमध्ये त्यांना वेगळा क्रमांक नाही. हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ संगणकासाठी एकच अक्षर आहे, दिसणे फॉन्टवर अवलंबून. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवली तरच मराठी रूप बाहेर येते. सगळी सॉफ्टवेअर ही खूण वाचत नाहीत, त्यामुळे पडद्यावर एक आणि छापून दुसरेच असे होऊ शकते. खात्रीचा उपाय एकच : ज्याचे मूळ रूपच मराठी आहे असा फॉन्ट निवडणे आणि छापखान्याला पीडीएफमध्ये फॉन्ट गुंफून पाठवणे.

इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी चिकटवली की वेलांट्या उडतात, जोडाक्षरे सुटी होतात, ही तक्रार तर प्रत्येक डीटीपीवाल्याने ऐकली आहे. यावरून ‘युनिकोड छपाईच्या कामाचे नाही’ असा जो समज पसरला तो अजून गेलेला नाही. खरे कारण इतकेच की इनडिझाइनचा मजकूर जुळवणारा मूळ ‘कंपोझर’ रोमन लिपीसाठी आहे. परिच्छेदाच्या पॅनलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला की तोच मजकूर जागेवर सरळ होतो. फोटोशॉपच्या टाइप पसंतींमध्येही असाच पर्याय आहे. सगळ्या फाइल बंद ठेवून पसंती बदलली तर पुढच्या सगळ्या नव्या फाइलना तो लागू होतो.

आणि वर्गणीची यादी. ऑनलाइन अर्जातून उतरवलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की देणगीदारांच्या नावांच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. नावे नष्ट झालेली नसतात, एक्सेलने फाइलची लिपी चुकीची ओळखलेली असते. अशा वेळी ‘सेव्ह’ मात्र दाबू नये, नाहीतर ती खरोखर नष्ट होतात. एक्सेल रिकामे उघडून ‘डेटा’मध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यावे आणि लिपीच्या जागी ६५००१ क्रमांकाचा यूटीएफ-८ निवडावा.

श्रीलिपी, कृतिदेवच्या जुन्या फाइलींचे काय?

युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टची युक्ती साधी होती. संगणकाला वाटे आपण रोमन अक्षरे साठवतो आहोत, फॉन्ट त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवी. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असे लिहिले की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे जातात. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सी-डॅकच्या आयएसएमची वेगळी. फॉन्ट गेला की उरते ती निव्वळ रोमन खिचडी. ती शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही, शब्दकोशाला तपासता येत नाही.

मंडळांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तके, दिवाळी अंक असा एका पिढीचा छापील मजकूर या पद्धतीने साठवलेला आहे. फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात. ‘कि’मधली पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. ‘कीर्ती’मधला रफार तर शेवटच्या वेलांटीच्याही नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : क नंतर वेलांटी, आणि रफाराचा र ‘त’च्या आधी. कन्व्हर्टरला प्रत्येक शब्दात ही उचलठेव करावी लागते आणि जोडाक्षर गुंतागुंतीचे असले की तो चुकतो. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन अटळ. तपासताना आधी रफार, पहिल्या वेलांट्या आणि ‘ऱ्य’ शोधावेत, बहुतेक चुका तिथेच सापडतात.

ज्यांच्याकडे फाइल पेजमेकरच्या आहेत त्यांची घाई अधिक. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. इनडिझाइनच्या आजच्या आवृत्त्या त्या फाइल उघडत नाहीत. अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून जानेवारी २०२३ पासून ‘टाइप-१’ प्रकारच्या जुन्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा आधारही गेला आहे. जुने मशीन चालते आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची फॉन्ट गुंफलेली पीडीएफ काढून ठेवणे हे आज करता येण्यासारखे सर्वांत उपयोगी काम. त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला तर रोमनच येईल, पण पान जसेच्या तसे छापता येईल. शिवाय अशा पानांची चित्रे करून त्यांवर मराठी ओळखणारे ओसीआर चालवता येते. ‘टेसरॅक्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचते. छपाई स्वच्छ असेल तर फसलेल्या कन्व्हर्टरपेक्षा कधी कधी हा मार्ग कमी त्रासाचा ठरतो.

विंडोज ११ वर डोंगल का चालत नाही?

मराठी डीटीपीची अनेक जुनी पॅकेजे डोंगलवर चालत. डोंगल म्हणजे संगणकाला मागे खोचायची कुलपासारखी छोटी वस्तू, ती असली तरच सॉफ्टवेअर उघडते. तिला चालवणारा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर विंडोज ११ वर तो चालणार नाही, कारण विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० ची होती आणि जुनी पॅकेजे वाचवण्यासाठी ती बऱ्याच ठिकाणी मुद्दाम ठेवली गेली. १६ बिटच्या आणखी जुन्या प्रोग्रामचेही तेच. ६४ बिट ड्रायव्हर मिळाला तरी नव्या मशीनवर ‘मेमरी इंटेग्रिटी’ हे संरक्षण बहुधा चालू असते आणि ते जुने ड्रायव्हर अडवते. ते बंद करून डोंगल चालवता येतो, पण त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचा भरणा होत असेल तर हा सौदा वाईट.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि किमान ४ जीबी रॅम लागते. या अटी चुकवून ते बसवून देणारे आहेत. मात्र अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि अगदी जुन्या प्रोसेसरवर २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही.

विंडोज १० वरच राहायचे असेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची, म्हणजे ‘ईएसयू’ची सोय आहे. वैयक्तिक संगणकाला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंगचा बॅकअप चालू ठेवल्यास मोफत, नाहीतर ३० डॉलर. कंपनीच्या डोमेनमध्ये असलेल्या संगणकांना ही स्वस्त योजना लागू नाही. त्यांना पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. दुसऱ्या वर्षी योजनेत येणाऱ्यालाही पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. इतक्या पैशांत चांगले वापरलेले मशीन येते.

बाजारात यावर ‘एलटीएससी टाकून देतो’ असेही सांगितले जाते. ही विंडोज १० एंटरप्राइझची दीर्घ मुदतीची आवृत्ती. विशिष्ट यंत्रांसाठी बनवलेली, घाऊक परवान्यावर मिळणारी. तिच्या २०२१ च्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०२७ ला संपतो आणि गंमत म्हणजे त्याआधीच्या २०१९ च्या आवृत्तीचा जानेवारी २०२९ पर्यंत चालतो. परवान्याची कागदपत्रे न देता नुसती ‘की’ विकणाऱ्याकडून ती घेण्यात अर्थ नाही.

डोंगलवाल्यांसाठी सर्वांत सोपा तोडगा म्हणजे जुने मशीन तसेच ठेवावे, त्याचे वायफाय बंद करावे, लॅनची वायर काढावी आणि फाइल पेन ड्राइव्हने न्याव्या-आणाव्यात. पेन ड्राइव्ह प्रत्येक वेळी नव्या मशीनवर तपासावा. ज्यांना जमेल त्यांनी जुने विंडोज आभासी मशीनमध्ये बसवून डोंगलचा यूएसबी पोर्ट त्याला जोडून द्यावा. जुनी हार्ड डिस्क एक दिवस जाणारच आहे.

निळा पडदा आणि ४८ अंक

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली. ती सुमारे सव्वा तासात मागे घेतली गेली, तोवर ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर चेक-इन रखडले. भारतातल्या १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ फटका बसल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. छोट्या दुकानांना झळ लागली नाही, कारण क्राउडस्ट्राइक मुख्यतः मोठ्या कंपन्या वापरतात. पळवाट त्याच दिवशी जाहीर झाली होती : सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल पुसा. तरीही अनेक कंपन्यांना दिवसचे दिवस लागले. सेफ मोडमध्ये जाताना संगणक बिटलॉकरची रिकव्हरी की मागत होता आणि ती कुठे लिहून ठेवली आहे, हे वेळेवर सापडत नव्हते.

हीच अडचण आता गिरगाव-दादरच्या दुकानांतही येऊ शकते. मे २०२५ च्या विंडोज १० अपडेटनंतर इंटेलच्या काही व्यावसायिक संगणकांनी सुरू होतानाच बिटलॉकरची की मागितली होती. काही दिवसांत वेगळे तातडीचे अपडेट देऊन ते निस्तरावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउसच चालेनासे झाले, म्हणजे की हाती असूनही टाइप करता येईना. त्याचीही दुरुस्ती आठवडाभरात आली.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केले की डिस्कला आपोआप कुलूप लागते, होम आवृत्तीतसुद्धा. की त्या अकाउंटमध्ये जमा होते. मशीन बसवताना दुरुस्तीवाल्याने घाईत स्वतःचाच ई-मेल टाकला असेल तर की त्याच्या अकाउंटमध्ये आहे आणि दुकानाच्या फाइलींची चावी त्याच्या खिशात. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे. असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या ‘डिव्हाइसेस’ पानावर जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, की ओळखण्याचा छोटा क्रमांकही सोबत लिहावा आणि तो कागद संगणकात नव्हे तर गल्ल्याजवळच्या वहीत ठेवावा.